खाटेपासून मैदानापर्यंतचा खर्च

पॅरिसच्या पॅरालिम्पिकहून, म्हणजे दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेहून, २०२४ मध्ये आपले पॅरा खेळाडू २९ पदकं घेऊन परतले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, आणि आमच्या सांगलीकर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस फटाके वाजले. तिसऱ्या दिवशी भांडण. बक्षीस ऑलिंपिकवाल्यांइतकंच द्यायचं का? पॅरामध्ये अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट इतके, स्पर्धक कमी, मग पदक तेवढंच जड कसं? त्याच पावसाळ्यात पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा वाद गाजत होता. त्यामुळे चर्चा घसरत घसरत ‘यातले खरे किती आणि खोटे किती’ इथवर पोचली. हे वाद अजून मिटलेले नाहीत. दर पदकामागे नव्याने उकरले जातात.

मी राहतो इंग्लंडमधल्या एल्सबरी या गावी. या गावाला लागूनच स्टोक मँडेविल आहे. पॅरालिम्पिकची मुळं इथल्या रुग्णालयात आहेत, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्या रुग्णालयाशेजारी एक क्रीडासंकुल आहे आणि ते ‘व्हीलपॉवर’ नावाच्या धर्मादाय संस्थेचं आहे. तिथल्या जिममध्ये आणि तरणतलावावर आमच्यासारखे चालते-फिरते लोकही वर्गणी भरून जातात. बॅडमिंटनच्या कोर्टाबाहेर व्हीलचेअरवाले ‘आटपा आता, आमची वेळ झाली’ म्हणत थांबलेले असतात. ही संस्था कशी वाढली ते पाहिलं की आपल्याकडचा वाद मला फार उशिरा सुरू होणारा वाटतो. आपण पदकापासून मागे मोजतो. इथे खाटेपासून पुढे मोजायला सुरुवात झाली.

लुडविग गुटमान हे ब्रेस्लाऊमधले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ मध्ये निसटून ते ऑक्सफर्डला आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेविलला मणक्याच्या दुखापतींचा विभाग उघडला, तेव्हा युद्धातून कमरेखाली लुळी होऊन येणारी पोरं त्यांच्या हवाली झाली. असा माणूस फार तर वर्ष-दोन वर्षं काढतो, हीच तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती. मरण यायचं ते पाठीवरच्या जखमा चिघळून किंवा मूत्रमार्गात जंतू शिरून. गुटमान यांनी आधी हा मामला हाती घेतला: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. परिचारिका कुरकुरल्या, रुग्ण शिव्या घालायचे, गुटमान ऐकायचे नाहीत. स्वभावाने ते हेकेखोरच होते, असं त्यांचे चाहतेही सांगतात.

माणूस जगायला लागल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. जगून करायचं काय? मग वॉर्डात कामं आली, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती. आणि खेळ आले. चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी पोलो, मग नेटबॉल, मग धनुर्विद्या. धनुष्य ओढायला खांदे, दंड आणि पाठ लागतात, म्हणजे नेमकं जे उरलंय तेच बळकट होतं. शिवाय पायांवर उभ्या असलेल्या तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करता येते. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. चौदा पुरुष, दोन बायका. १९५२ ला हॉलंडचा चमू आला आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० ला रोममध्ये २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू जमले. आज तीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते.

हे सांगितलं की माझा आतेभाऊ म्हणतो, “दादा, तिकडं पैसा हाय, म्हणून जमतंय.” तो वाळवा तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे, पैशाचं गणित त्याला माझ्यापेक्षा कळतं. पण १९४८ चा ब्रिटन म्हणजे युद्धाने खंक झालेला देश. पाव रेशनवरून उतरला तो त्या स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी. मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. सरकारने खाट आणि औषध यांचा भार उचलला. खेळाचा उचलला नाही. तो देणग्यांवर आला, आणि इथून पुढे ही गोष्ट मला तितकीशी आवडत नाही.

१९६९ मध्ये राणीच्या हस्ते उघडलेलं पहिलं संकुल मुख्यतः देणग्यांतून उभं राहिलं. संस्थेचं पूर्वीचं नाव ब्रिटिश पॅराप्लेजिक स्पोर्ट्‌स सोसायटी, पॅराप्लेजिक म्हणजे कमरेखाली लुळे पडलेले. पुढे कक्षा रुंदावत गेली तसं नावही बदलत आजच्या व्हीलपॉवरवर आलं. १९८४ मध्ये व्हीलचेअर खेळाडूंची पॅरालिम्पिक अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात व्हायची होती. पैसे जमेनात म्हणून विद्यापीठाने स्पर्धेला काही महिने उरले असताना अंग काढून घेतलं. ती स्पर्धा स्टोक मँडेविलनेच अंगावर घेतली आणि पार पाडली. दानशूरपणाच्या बळावर जागतिक स्पर्धा उभी राहू शकते याचं कौतुकच आहे. पण ती पाळी यावी, हे कौतुकाचं नाही.

दानाची दुसरी बाजू याच आवारात दिसली. मणक्याच्या विभागाची नवी इमारत १९८३ मध्ये झाली, ती जिमी सॅव्हिल या दूरदर्शन कलाकाराने उभ्या केलेल्या निधीतून. हा माणूस रुग्णालयात वाटेल तेव्हा वाटेल तिथे हिंडायचा. त्याच्या मृत्यूनंतर चौकशी झाली. २०१५ च्या अहवालाप्रमाणे त्याने एकट्या या रुग्णालयात ६० जणांवर अत्याचार केले होते. तक्रारी तेव्हाही झाल्या होत्या, पण कोणी दखल घेतली नाही. ज्याच्या पैशावर इमारत उभी त्याला जाब कोण विचारणार? आपल्याकडे ‘दानशूर व्यक्तींनी पुढे यावं’ असं आवाहन निघतं, कंपन्यांचा सामाजिक निधी हाच उपाय म्हणून सांगितला जातो, तेव्हा मला हे आठवतं. दान घ्यावं, पण हिशेबाची आणि जाब विचारण्याची सोय आधी करून.

या संस्थेचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम मात्र बातम्यांत येत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मणक्याच्या विभागांतले रुग्ण दरवर्षी इथे खेळायला आणतात. अपघात होऊन काही महिनेच झालेले. खुर्ची अजून अंगवळणी न पडलेले. बरोबर त्यांच्या रुग्णालयाचे फिजिओ. धनुष्य, टेबल टेनिस, पोहणं, बास्केटबॉल, जे जमेल ते करून पाहायचं. यातला बहुतेक कोणी पुढे पॅरालिम्पिकला जात नाही, आणि कोणी त्यांना तसं विचारतही नाही. घरी परतल्यावर गावातल्या तलावावर जायचं धाडस झालं, तरी काम झालं.

आपल्याकडे ही साखळी कधीच नव्हती असं नाही. मुरलीकांत पेटकर वाळवा तालुक्यातल्या पेठचे. लष्करात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय गेले. उपचार म्हणून पोहायला उतरवलं. १९६८ ला तेल अवीवला गेले, स्टोक मँडेविलच्या स्पर्धांतही खेळले आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांना परदेशी पाठवायला माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदत केली होती. लष्कराचं रुग्णालय, फिजिओ, तलाव, तिकिटाचे पैसे: सगळे दुवे जुळले म्हणून ते घडलं. सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तिथे आजही बास्केटबॉल खेळलं जातं. पण सुपारीच्या झाडावरून पडलेल्या कोकणातल्या गड्याचं काय? मोटारसायकलवरून उडालेल्या इस्लामपूरच्या पोराचं? शस्त्रक्रियेचे टाके काढले की त्याला घरी पाठवतात. पुढची खाट ओसरीवरची.

आणि खरं-खोटं? त्यावरही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिडनीच्या २००० च्या पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनने बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलं. नंतर निघालं की बारापैकी दहा खेळाडूंना तशी काही अक्षमताच नव्हती. शिक्षा कोणाला झाली? सगळ्या जगातल्या त्या गटाला. त्यांना पॅरालिम्पिकचे दरवाजे बंद झाले, ते २०१२ ला लंडनमध्ये पुन्हा उघडले. बारा वर्षं म्हणजे एका खेळाडूचं अख्खं खेळाडूपण. तपासणी हवीच, आणि कडक हवी. पण खोटं पकडण्याच्या भरात खऱ्यालाच रांगेत उभं करून थकवायचं, हे आपल्या प्रमाणपत्र-पडताळणीत होत असेल तर तो त्याच वाटेचा प्रवास आहे.

ब्रिटनही यात साळसूद नाही. दिव्यांगांच्या खेळासाठी काम करणाऱ्या ॲक्टिव्हिटी अलायन्स या संस्थेचा २०१८ चा एक अहवाल आहे. पाचांतल्या चार जणांना अधिक खेळायचं, हिंडायचं होतं. जवळपास निम्म्यांना धास्ती होती की तसं करताना कोणी पाहिलं तर सरकारी भत्ता बंद होईल. म्हणजे एका हाताने ‘व्यायाम करा’ म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने ‘व्यायाम करताय म्हणजे धडधाकट दिसताय’ म्हणून कात्री चालवायची. २०२५ मध्ये सरकारने भत्त्याचे निकष आणखी आवळायचा घाट घातला होता. स्वतःच्याच खासदारांनी बंड केलं म्हणून माघार घ्यावी लागली. तेव्हा इथलं सगळं उचलून तिकडे न्या, असं मी म्हणणार नाही.

म्हणायचं आहे ते आतेभावाच्या ग्रामपंचायतीबद्दल. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यांच्याकडे ही रक्कम दिवाळीच्या सुमारास सारखी वाटून टाकतात. “वाटून टाकलं की बोंब न्हाई,” तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. ज्याच्या घरात चूल पेटायची मारामार, त्याला धनुष्य नको, रोख हवी. एका गावाच्या ५ टक्क्यांत खेळाची एक खुर्चीही येणार नाही. पण तालुक्यातल्या पाच-पन्नास गावांनी त्यातला थोडा वाटा एकत्र केला तर? तालुका क्रीडा संकुल बऱ्याच ठिकाणी बांधून तयार आहे. तिथे चार खुर्च्या, एक उतार, वापरता येईल असं एक स्वच्छतागृह, आणि जिल्हा रुग्णालयातून आठवड्यातून एकदा येणारा फिजिओ. खुर्च्या कोणाच्या मालकीच्या नाहीत, संकुलाच्या. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खातं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे. म्हणजे परवानगी मागत बसायची गरज नाही.

बक्षिसांबद्दलही बोलून टाकतो. खिलारींना मिळालेल्या रकमेवर माझा काडीचा आक्षेप नाही. ऑलिंपिकवाल्याइतकीच द्यावी, दोन रुपये जास्त दिले तरी चालतील. फक्त पदकविजेत्याचा सत्कार करणाऱ्या प्रत्येक पालकमंत्र्याला त्याच मंचावर एक प्रश्न विचारला जावा: या जिल्ह्यात गेल्या वर्षी मणका मोडून घरी गेलेले किती, आणि त्यांतल्या किती जणांना कोणी मैदानावर नेलं? आतेभावाला मी हा आकडा तालुक्यापुरता काढायला सांगितला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी यादीच ठेवत नाहीत, असं त्याला कळलं. आता तो आशाताईंना वाडीवाडीवर विचारायला लावतो म्हणालाय.