बाळ होणार म्हणून पोलो विकताय? आधी हे वाचा

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. आठवा महिना चालू आहे तिला. म्हणाली, "ताई, पोलो विकतोय आम्ही. रविवारी एकजण बघायला येणार आहे." पोलो म्हणजे त्यांची फोक्सवॅगनची छोटी हॅचबॅक, मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली गाडी. का, म्हणून विचारलं तर तिने सासूबाईंकडून आलेला मेसेज मला पाठवला. 'घरात पाळणा हलणार असेल तर छोटी पळणारी गाडी आजच विका, मोठी फॅमिली हॅचबॅक घ्या.' खाली सहा मुद्दे आणि शेवटी 'प्रत्येक होणाऱ्या आईबाबांपर्यंत पोहोचवा'. दोन दिवसांत तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही.

गाडी बदलायला माझी हरकत नाही. आम्हीच २०१९ मध्ये, लेक अकरा महिन्यांची असताना, पोलो जीटी (पोलोचंच जास्त दमदार मॉडेल) देऊन होंडाची जॅझ घेतली आणि तो निर्णय बरोबर ठरला. पण या मेसेजमधल्या कारणांसाठी गाडी बदलली तर खिसा रिकामा होईल, आणि त्यातला तिसरा मुद्दा पाळला तर बाळाच्या जिवावर बेतेल. म्हणून लिहायला बसले.

पहिला मुद्दा म्हणे, 'छोटी गाडी चेपते, मोठी गाडी वाचवते.' मेसेजमध्ये मोठी म्हणून नावं कुठली? बलेनो, अल्ट्रोझ, आय२०. या सगळ्या चार मीटरच्या आतल्या गाड्या. पोलोसुद्धा चार मीटरच्या आतलीच. कराची सवलत तिथपर्यंतच मिळते, म्हणून सगळे त्याच मापात बसवतात. वजन बघायचं तर पोलो जीटी अकराशे किलोच्या आसपास भरते आणि बलेनो हजाराच्याही आत. म्हणजे ज्या गाडीला पळणारी चिमुकली म्हणून हिणवलं, तीच जड निघाली. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर जड गाडीतल्या माणसांना फायदा मिळतो, एवढं यात खरं आहे. पण मग मेसेजचा सल्लाच उलटा पडतो.

आकारापेक्षा काय महत्त्वाचं, हे याच पोलोने दाखवून दिलेलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या गाड्यांच्या पहिल्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवायची, अशी ती चाचणी. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. गाडी तीच, लांबी तीच, पत्रा तोच. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओलाही शून्यच मिळाले होते, आणि स्कॉर्पिओला कोणी छोटी गाडी म्हणणार नाही. बहिणीच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन) दोन एअरबॅग आहेत, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस आहे, गाडी घसरायला लागली तर सावरणारं ईएसपी आहे. ती विकून ईएसपी नसलेली जुनी 'फॅमिली' गाडी घेतली, तर सुरक्षितता वाढली की कमी झाली?

तारे बघताना आणखी एक बघा. मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगवेगळे असतात. २०२० मध्ये अल्ट्रोझला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. गाडी चांगलीच आहे, पण जाहिरातीतले पाच तारे तुमच्या तान्ह्या बाळाचे नाहीत.

दुसरा मुद्दा, 'स्पोर्टी गाडीच्या कडक सस्पेन्शनने बाळाच्या मेंदूला धक्के बसतात.' बाळाला हातात धरून जोरजोरात हलवलं तर मेंदूला इजा होते, हे खरं आहे आणि भयंकर आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुढे.

आता तिसरा. तो जसाच्या तसा देते: 'मोठ्या गाडीत पुढची सीट ऐसपैस असते. आई बाळाला मांडीवर घेऊन बेल्ट दोघांभोवती लावू शकते. आईच्या कुशीइतकं सुरक्षित काही नाही, बेबी सीट हे परदेशी फॅड आहे.'

हे वाचून माझे हातपाय गार पडले, कारण बहिणीने तिथेच खाली लिहिलं होतं, 'हे बरोबर आहे ना गं?'

नाही. यातली एकही गोष्ट बरोबर नाही. समजा गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. आदळल्यावर ती साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबते. गाडी थांबते, बाळ थांबत नाही. दहा किलोच्या मुलाला तेवढ्या वेळात धरून ठेवायचं तर हातांना सरासरी १४० किलोचा जोर लागतो. तांदळाची जवळजवळ तीन पोती. कुठली आई, कितीही माया असली तरी, पापणी लवायच्या आत तीन पोती झेलू शकेल? हात सुटतातच, तो आईचा दोष नाही. तोच धक्का उंचीत मोजला तर तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याएवढा होतो. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. बहिणीचं माहेर-सासर येणंजाणं ज्या समृद्धीवरून होतं, तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे.

दोघांभोवती एक बेल्ट लावणं तर त्याहून वाईट. मग बाळ हातातून सुटत नाही, ते आईचं शरीर आणि बेल्ट यांच्यामध्ये चेपतं. साठ किलोची आई त्या क्षणी बाळावर कित्येकशे किलोंनी येते. त्यातून पुढच्या सीटवर बसलात तर समोर एअरबॅग. मोठ्या माणसाला वाचवायला ती प्रचंड वेगाने फुगते आणि मांडीवरच्या बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत असतं. शंका असेल तर खाली जाऊन आपल्या गाडीचा डाव्या बाजूचा सनव्हायझर उघडून बघा. मागे तोंड करून बसवलेलं बाळ, समोर एअरबॅग आणि वर लाल फुली, असं चित्र तिथे छापलेलं असतं. ते कंपनीने हौस म्हणून छापलेलं नाही.

आणि 'परदेशी फॅड' म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. हा दिल्लीच्या संसदेने केलेला कायदा आहे. बाळाच्या खुर्चीसाठी एआयएस ०७२ हे आपलं स्वतःचं मानकही आहे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान लुळी, म्हणून खुर्चीचं तोंड मागच्या काचेकडे ठेवायचं. मग धक्का मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार अशा खुर्चीने अपघातातले तान्ह्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतात.

'आपण सगळे मांडीवरच वाढलो' हे मला आमच्या आईनेही ऐकवलं होतं. वाढलो खरं. काकांच्या फियाटमध्ये, सात जण कोंबून, चाळिशीच्या वेगाने. मागच्या सीटवर मांडीवर घेतलं तर चालतं, अशीही समजूत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. बेल्ट न लावता मागे बसलेले दोघे गेले, पुढे बसलेले दोघे वाचले. ती गाडी मर्सिडीज होती.

दवाखान्यातून बाळ घरी येतं तेव्हा आपण दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतो, पायावर पाणी घालतो. तीच काळजी दवाखान्याच्या फाटकापासून घराच्या फाटकापर्यंत घ्यायची आहे. बाळाचा तो पहिलाच प्रवास खुर्चीत झाला पाहिजे.

चौथा मुद्दा, 'ॲव्हरेजमध्ये दोन वर्षांत पैसे वसूल.' महिन्याला ८०० किलोमीटर धरू. शहरात पोलो जीटी साडेअकरा देते, नवी हॅचबॅक साडेचौदा देईल. वर्षाला पावणेदोनशेच्या आत लिटर वाचले. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १८ हजार. बहिणीला जुन्या गाडीचे पाच लाख मिळतील, नवी ऑन रोड साडेनऊ. वरचे साडेचार लाख भरून निघायला २५ वर्षं लागतील, तोवर ते बाळ कमावतं झालेलं असेल. अशा नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. आठ लाखांच्या गाडीवर ते ८८ हजार, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांची पेट्रोलबचत नंबरप्लेट लागायच्या आधीच संपली.

पाचवा, 'टर्बो आणि डीएसजी कधीही दगा देतात.' डीएसजी म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. जुन्या १.२ टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी ट्रॅफिकमध्ये तापतो आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू, बदलायचं तर खर्च लाखाच्या पुढे जातो. पण २०२० नंतरच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये तो गिअरबॉक्स नाही, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे. मेसेजवाल्याने सगळ्यांना एकाच दोरीत बांधलंय.

सहावा, डिकी. हो, पोलोची डिकी लहान आहे. बाबागाडी ठेवली की भाजीची पिशवी मांडीवर घ्यावी लागते. जॅझच्या ३५४ लिटरमध्ये आमची बाबागाडी, डायपरची बॅग आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी, सगळं मावायचं.

पण आम्ही गाडी ज्यासाठी बदलली ते कारण या मेसेजमध्ये कुठेच नाही. मागे तोंड केलेली खुर्ची आडवी-तिरकी बरीच जागा खाते. पोलोत ती डाव्या सीटमागे बसवली की पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागायची की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, आणि तसं बसणं अपघातात त्याच्यासाठी धोक्याचं. म्हणून जॅझ. चालवायला ती पोलोइतकी गोड कधीच वाटली नाही, पण लेक अडीच वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसू शकली.

शनिवारी मी नाशिकला जातेय. लेकीची जुनी खुर्ची नेणार नाही, तिची मुदत संपली आहे. नवी घेतलीय, बारा हजारांची, मान्यतेचं नारिंगी लेबल तपासून. ती पोलोत बसवून बघू आणि बहिणीच्या नवऱ्याला पुढे डावीकडे बसवू. तो सहा फुटी आहे. गुडघे टेकले तर रविवारच्या माणसाला खुशाल गाडी दाखवा. नाही टेकले तर त्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगायचं काम मी करेन.