ती पिवळी कॅसेट प्रोटोटाइप नाही

दारव्ह्याच्या बाजारातून आणलेली पिवळी '९९९९९९९ इन १' व्हिडिओ गेमची कॅसेट म्हणजे कंपनीचा प्रोटोटाइप, म्हणजे गेम बाजारात येण्याआधीचा चाचणीचा नमुना, मूळ कॅसेटशिवाय असे बाजारात न आलेले गेम खेळताच येत नाहीत, म्हणून लाखांत जाते, असा मेसेज गावात फिरतो आहे. नाही जात बाप्पा! माझी उघडून पाहिली. आत सर्किटची हिरवी पट्टी, तिच्यावर चिप झाकणारा वाळलेल्या डांबरासारखा काळा ठिपका. खऱ्या प्रोटोटाइपात मात्र बहुधा ईपीरॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप असते, तिला काचेची खिडकी, वर स्टिकर. ते सोलू नका; अतिनील किरणांनी गेम पुसला जातो, आणि आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे. राहिला खेळण्याचा प्रश्न. १९९०च्या दशकात बाजारात न येताच अडकलेला 'स्टार फॉक्स २' हा गेम निन्टेन्डो कंपनीनं २०१७ मध्ये आपल्या जुन्या एसएनईएस या गेमयंत्राच्या छोट्या आवृत्तीवर दिला. त्यात कॅसेट घालायला जागाच नाही.