ऑटो-अपडेट बंद ठेवून तुमचा पोकेमॉन वाचणार नाही

दादर-माटुंग्याच्या आमच्या खेळाडूंच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुने पोकेमॉन गेम (पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचे खेळ) पूर्ण आणि बिनचूक यायचे. आता अर्धवट माल विकून मागाहून ठिगळं लावतात. अपडेट म्हणजे पैसे उकळायचा धंदा, आणि प्रत्येक पॅचने, म्हणजे मागाहून येणाऱ्या दुरुस्ती-बदलाने, जुन्या खेळाडूंची मेहनत मातीत जाते. म्हणून ऑटो-अपडेट बंद करा, गेम आहे तसाच राहील.

शिवाजी पार्कात रविवारी भेटणाऱ्या शाळकरी पोरांनी हे वाचून खरोखरच अपडेट बंद केलीत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी ‘बिनचूक’ जुन्या गेमचं बघू. पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 रोजी आले. त्या पहिल्या पिढीत घोस्ट प्रकारचा हल्ला सायकिक प्रकारच्या पोकेमॉनवर भारी पडायला हवा होता, पण प्रत्यक्षात त्याचा काहीच परिणाम व्हायचा नाही. फोकस एनर्जी ही चाल वापरली की जोरदार फटका बसण्याची शक्यता वाढायच्या ऐवजी घटायची. शंभर टक्के अचूक म्हणून दाखवलेले बहुतेक हल्लेही 256 पैकी एकदा चुकायचे. मिसिंगनो, म्हणजे गेममधल्या चुकीने दिसणारा तो बिघडलेला पोकेमॉन, तर सगळ्यांना ठाऊक आहे. या चुका त्या कार्ट्रिजमध्ये आजही जशाच्या तशा आहेत, कारण दुरुस्तीची सोयच नव्हती.

पुढे रुबी आणि सफायर आले. त्यांत साधारण वर्षभर खेळलं की आतलं घड्याळ अडकायचं आणि बेरीची झाडं वाढायची थांबायची. रोज पाणी घाला, रोप तेवढंच. यावर पॅच निघाला होता बरं का! पण तो घ्यायला कार्ट्रिज कंपनीच्या ठरावीक ठिकाणी न्यावी लागे, नाहीतर फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्डसारखा नंतरचा गेम असलेलं दुसरं यंत्र केबलने जोडावं लागे. परळ-लालबागच्या पोराने हे कुठून जमवायचं? आज तीच दुरुस्ती घरच्या वायफायवर दोन मिनिटांत होते. ही सोय वाईट म्हणणं मला पटत नाही.

‘अर्धवट माल’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. 18 नोव्हेंबर 2022 ला स्कार्लेट आणि व्हायोलेट आले तेव्हा गेम अडखळत होता, माणसं जमिनीत घुसत होती. पहिल्या मोठ्या पॅचसोबत कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण हा दोष घाईने गेम बाजारात आणण्याचा, पॅचचा नव्हे. पॅच नसते तर ते गेम कायमचे तसेच राहिले असते. 2013 च्या एक्स आणि वायमध्ये ल्युमिओस शहरात काही ठिकाणी सेव्ह केलं की गेम पुढे सरकतच नसे. दोन आठवड्यांच्या आत पॅच आला. तो न घेणाऱ्याने काय मिळवलं असतं?

पैशाचा मुद्दा लवकर निपटतो. एक्स्पान्शन पास, म्हणजे गेमचे जादा भाग, विकत घ्यावा लागतो आणि अपडेट फुकट असतं, मेसेजने दोन्ही एकाच पोत्यात भरलेत. सोर्ड आणि शील्डमध्ये सगळे पोकेमॉन नव्हते म्हणून 2019 साली केवढा गदारोळ झाला! 2020 च्या दोन एक्स्पान्शनबरोबर त्यातले बरेच परतले, आणि पास न घेतलेल्यांनाही फुकट अपडेटमुळे आपले जुने सवंगडी होम या पोकेमॉन साठवायच्या ॲपमधून आणता आले. स्कार्लेट-व्हायोलेट स्विच 2 या नव्या कन्सोलवर सुरळीत चालायला लागले तेही जून 2025 च्या फुकट अपडेटमुळेच.

आता मेहनतीचं. हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे. फाइव्ह गार्डन्सच्या बाकावर मी एका आठवीतल्या मुलाला फोनवर पोकेमॉन गो उघडून बसलेला पाहिलंय. महिनोन्‌महिने साठवलेली स्टारडस्ट (पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी पूड) त्याने एकाच पोकेमॉनवर घातली होती आणि नव्या सीझनला त्याच्या मुख्य हल्ल्याची ताकद कमी झाली. डोळे भरले होते त्याचे. ते दुःख खरं आहे. पण फेरफार पॅच आल्यापासून सुरू झाले, हे खोटं. पहिल्या पिढीत सायकिकपुढे कुणाचं चालेना, म्हणून दुसऱ्या पिढीत डार्क आणि स्टील हे प्रकार आणले, हल्ला आणि बचाव दोन्हींसाठी असलेल्या ‘स्पेशल’ या एका आकड्याचे दोन केले. गोळा करण्याच्या खेळात प्रत्येक टीममध्ये तेच तीन पोकेमॉन दिसायला लागले, तर बाकीचे शेकडो कशासाठी पकडायचे? त्या मुलाचा पोकेमॉन आजही त्याच्याकडे आहे, आणि त्याच बदलात त्याच्या बॉक्समध्ये पडून असलेले दोन कामाचे झाले. ते आम्ही त्याच बाकावर बसून शोधले.

राहिलं ऑटो-अपडेट. पोकेमॉन गोसारख्या गेममध्ये कोणता हल्ला किती ताकदीचा, कुठे कोण दिसणार, रेडमध्ये (अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी लढायच्या सामन्यात) कोण येणार, हे सर्व्हरवरून ठरतं. तुमच्या फोनमधलं ॲप जुनं असलं तरी हे आकडे बदलतातच. जुन्या ॲपने बदल थांबत नाही, उलट ॲप फारच मागे पडलं की गेम आधी अपडेट करायला लावतो. कन्सोलवरही ऑनलाइन लढायचं तर ताजी आवृत्ती लागतेच.

मग तक्रार करूच नये का? जरूर करावी, पण नेमकी. पॅच काही गोष्टी काढूनही घेतो, हे खरं आहे. पेटंटचा खटला दाखल झाल्यानंतर पालवर्ल्ड या पोकेमॉनसारख्या दुसऱ्या गेममध्ये नोव्हेंबर 2024 च्या पॅचने गोळा फेकून ‘पाल’ (त्या गेममधला प्राणी) बोलावण्याची पद्धत काढली आणि मे 2025 मध्ये पालला धरून तरंगत जाणंही गेलं. पोकेमॉन गोमध्ये 6 एप्रिल 2023 पासून रिमोट रेड पास (घरबसल्या रेड खेळायचा परवाना) खेळातल्या 100 नाण्यांवरून 195 वर गेला आणि रोजची मर्यादा साधारण पाचवर आली. घराबाहेर पडू न शकणाऱ्या खेळाडूंवर हा अन्याय होता असं माझं ठाम मत आहे. त्यावर ओरड झाली, तरी तेव्हा तो निर्णय फिरला नाही.

एक मात्र फिरला. पोकेमॉन गोमध्ये देवळासारख्या खऱ्या जागांवर पोकेस्टॉप असतात, ते फोनवर फिरवले की खेळातल्या वस्तू मिळतात. 2020 मध्ये महामारीमुळे ते किती लांबून फिरवता येतात ते अंतर 40 मीटरवरून 80 केलं होतं. आमच्या चाळीच्या गॅलरीतून गल्लीच्या टोकाचं गणपतीचं देऊळ त्यामुळेच पहिल्यांदा हाताशी आलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात बसलेली माझी मावशी तिथे खुर्ची टाकून ते फिरवायची. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये अंतर पुन्हा 40 वर आणलं गेलं. जगभरच्या खेळाडूंनी कारणं देऊन पत्रं लिहिली, खेळणं थांबवलं. त्याच महिन्याच्या 25 तारखेला 80 मीटर कायम केल्याचं जाहीर झालं. मावशीची खुर्ची अजून गॅलरीतच आहे.