‘मॅडम, हे तुमचं मनाचं समाधान आहे’

‘जागरूक मुंबईकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

नमस्कार. मानखुर्दच्या वस्तीत आम्ही काहीजणी दर रविवारी लहान मुलांसाठी खिचडी आणि उकडलेली अंडी करतो, त्याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतरांच्या माहितीसाठी ती जशीच्या तशी देते:

‘मॅडम, रविवारी अंडी वाटून आणि लाभार्थ्यांसोबत फोटो काढून कुपोषण जात नसतं. हे तुमचं मनाचं समाधान आहे. सरकारचं काम तुम्ही केलंत की सरकार मोकळं. मुलांची वजनं कुठे आहेत? हिशोब कुठे आहे? आणि मॅडम, शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाचा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००४ चा नाही, २००१ चा आहे. निदान एवढं तरी तपासायचं.’

दोन दिवस ठरवलं होतं की उत्तर द्यायचं नाही. घरातलेही म्हणाले, सोडून दे. नाही सोडवलं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना रोज किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं शिजवलेलं जेवण द्या, हा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चाच. २००४ च्या ऑक्टोबरमधला आदेश वेगळा, अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदारांना बाहेर काढण्याबद्दलचा. माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली. दुरुस्ती केली आहे. आभार. ‘निदान एवढं तरी’बद्दल मात्र आभार नाहीत.

आता ‘लाभार्थी’. हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही, परत वाचून पाहा. तो तुम्ही आणलात आणि माझ्या तोंडी घातलात. फोटोत मुलांचे चेहरे नाहीत, पाठी आहेत, कारण त्यांच्या आयांशी तसं ठरलं आहे. एका फोटोत मी डाव घेऊन हसते आहे. हो, हसले. पातेल्यासमोर सुतकी चेहरा करून उभं राहिले असते तर ते काम जास्त खरं ठरलं असतं का?

आणि मग ते वाक्य. ‘हे तुमचं मनाचं समाधान आहे.’

मला कळत नाही, समाधान हा गुन्हा कधीपासून झाला? पण ते राहू दे. तुम्हाला म्हणायचं आहे की आठवड्यातून एक दिवस खायला घालून काही होत नाही, घालणाऱ्याला फक्त बरं वाटतं. तर मग थोडं गणित करू. अंगणवाडीतल्या आहाराचा नियम वर्षाला ३०० दिवसांचा आहे, म्हणजे महिन्याला साधारण २५. उरले ६५ दिवस. त्या ६५ दिवसांतला मोठा वाटा रविवारचा. सेविकाताईंना सुट्टी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्या मानधनाकडे पाहिलं तर सहा दिवस येतात हेच पुष्कळ. पण मुलाचं पोट रविवारी बंद नसतं. वस्तीतल्या बऱ्याच आया कचरा वेचायला पहाटेच बाहेर पडतात, काहीजणी घरीच जरीकाम करतात आणि रविवारी त्यांचं काम वाढतं. मुलाच्या हातात तेव्हा काय असतं? चहात बुडवलेली खारी, नाहीतर पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट. दुपारपर्यंत तेवढंच. आम्ही नेमका तो दिवस का धरला, हे मी लेखात लिहिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही बहुधा फोटोपर्यंतच वाचलंत.

तुम्हाला भूक कुठून ठाऊक आहे, कल्पना नाही. मला कुठून ठाऊक आहे ते सांगते, एरवी हे मी लिहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली. वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर. आई खाणावळ चालवायची, अकरा माणसं जेवायला असायची. संप लांबला तशी ती एकेक करून गावाला निघून गेली. तिघांची उधारी राहिली ती राहिलीच. मग आमची आमटी पातळ होत गेली, इतकी की वाटीच्या तळाला कोरलेलं नाव त्यातून वाचता यायचं. माझा भाऊ तेव्हा दीड वर्षांचा. तो चालायचा थांबला, म्हणजे चालायला शिकला होता आणि पुन्हा बसूनच राहायला लागला. आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. कशाचं, तर भूक लागण्याचं! घरी आल्यावर आई आधी हसली आणि मग तो कागद तिने चुलीत घातला.

दर गुरुवारी जवळच्या मठात प्रसादाची खिचडी असायची. आम्ही तिघं भावंडं रांगेत. त्या खिचडीने संप जिंकला नाही, वडिलांना पुन्हा गिरणीत काम मिळालं नाही. तुम्ही म्हणाल, बघा, मी हेच तर म्हणतोय. म्हणा. पण भावाला बोलता यायच्या आधी गुरुवार कळायला लागला होता. मठात वाढणाऱ्या त्या काकांना समाधान वाटत असेल का? वाटत असेल. आमचं त्यात काय गेलं?

१९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की सुकडीने दुष्काळ हटत नाही. नाहीच हटत. सांगोल्याची माझी मावसबहीण ती सुकडी खाऊन जगली, आज नातवंडांना शाळेत सोडते. तिला कुणी मनाच्या समाधानाबद्दल विचारलेलं नाही.

असो. आवाज चढला. पण तुमची प्रतिक्रिया रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आली आहे, आणि पोटभर जेवून रात्री एकला मोबाईलवर दुसऱ्याचं मन तपासायला बसणाऱ्या माणसाशी फार मऊ बोलणं मला जमत नाही.

‘सरकार मोकळं’ या मुद्द्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे थोडक्यात. सरकारला मोकळं व्हायला माझी गरज पडत नाही, ते आपलं आपण होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. २०२५ च्या जानेवारीत सांगितलं की यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, करायचंच तर लोकसहभागातून करा. तेव्हा आमच्या ट्रेमधली तीस अंडी पाहून कुणी हात झटकले असं मला वाटत नाही. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर. पडताळणीचा ओटीपी कुठे येणार? ही अडचण आम्हाला कळली ती खिचडीच्या रांगेत. कचेरीत बसून कळली नसती.

शिवाय त्याच रांगेतल्या बायकांनी वस्तीच्या खाडीकडच्या टोकाला घरोघर जाऊन सहा वर्षांखालची मुलं मोजली. ५३ भरली. त्या टोकाला अंगणवाडी नाही. सुप्रीम कोर्टाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे (ही तारीख तपासली आहे, तुम्हीही तपासा): वस्तीत अशी ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. बायकांनी अर्ज लिहिला. अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत, खाली सह्या आणि अंगठे. संबंधित कार्यालयाने पहिल्यांदा तो घेतलाच नाही, ‘साहेब मीटिंगला गेलेत’. दुसऱ्यांदा सतरा जणी पोरं कडेवर घेऊन गेल्या, तेव्हा शिक्का मारून पोच मिळाली. पुढे काय झालं? अजून काही नाही. तीन महिने व्हायला बारा दिवस आहेत. तर हे सरकारला मोकळं करणं आहे की पकडणं, तुम्हीच ठरवा. मला वाटतं एवढं पुरे.

वजनांचं म्हणाल तर काटा अंगणवाडीत आहे आणि नोंदी सेविकाताईंकडे. कुणाचं पोर किती किलोचं हे मी ब्लॉगवर टांगणार नाही. आकडेच हवे असतील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे घ्या: महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी, १०.९ टक्के तीव्र. आम्ही मुलांचा फक्त दंडघेर मोजतो, तोही सेविकाताईंनी दिलेल्या पट्टीने. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या लाल पट्ट्यात, दोन मुलं निघाली. त्यांना खिचडी देऊन समाधान मानलं नाही, त्याच आठवड्यात दवाखान्यात पोचवलं. आता आमच्या खाण्याने कुणाचं किती ग्रॅम वाढलं असं विचाराल, तर ते मोजायला आम्ही संशोधन करत नाही आहोत.

हिशोब वहीत आहे. तांदूळ, मूगडाळ, तेल, अंडी, गॅस, रिक्षा. वही वस्तीतल्याच एका बाईकडे असते, कारण आमच्यात तिचंच अक्षर बरं आहे. ती कुणालाही दाखवते.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, जी तासाभराने आली, ती मी प्रकाशित केलेली नाही. त्यात माझ्या आडनावाबद्दल जे आहे त्याचा अंड्यांशी संबंध नाही.

रविवारी साडेनऊला आम्ही मानखुर्द स्टेशनाबाहेर भेटतो आणि चालत जातो. सध्या कांदा चिरायला माणूस कमी आहे. येणार असाल तर आधी कळवू नका, नुसते या, वहीही बघता येईल. फक्त तिथे मला मॅडम म्हणू नका, पोरं हसतात.