ऑटोमॅटिक लॉकर की एलएसडी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

एलएसडीबद्दलच्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. नव्या वाचकांसाठी आधी एवढंच: डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलमधला गिअरसंच, जो वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) एका चाकाचं घसरणं आवरतो, आणि लॉकर दोन्ही चाकं एकत्र जोडून टाकतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'तुम्ही एलएसडीची भलामण करून लोकांना नको त्या खर्चात पाडताय. चिखलात एक चाक अधांतरी झालं की एलएसडीचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा स्वस्तातला ऑटोमॅटिक लॉकर बसवावा. ना स्विच, ना हवेची नळी. महिंद्रासुद्धा थारला तोच देते.' तुमची टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप राजापूरकडच्या आंब्याच्या बागेत चालते आणि माल घेऊन अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाते, हेही तुम्ही लिहिलंत. ते फार बरं केलंत, कारण माझं उत्तर त्या घाटामुळेच वेगळं आहे.

आधी तुमचा खरा मुद्दा. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. घसरणारं चाक जेवढा जोर पेलतं तेवढाच दुसऱ्याला मिळतो, त्याहून जास्त नाही. गिअरवाला, म्हणजे टॉर्सन किंवा ट्रूट्रॅक जातीचा एलएसडी, धरून असलेल्या चाकाला साधारण अडीच-तीन पट जोर देतो. पण कशाच्या तिप्पट? घसरणाऱ्या चाकाकडे असेल त्याच्या. चाक हवेत लटकत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. इथपर्यंत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात.

पण अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढून बघा. समजा मागच्या दोन्ही चाकांवर १००-१०० न्यूटन-मीटरचा (फिरवणाऱ्या जोराचं माप) अडथळा आला. आता लटकणारं चाक १०० पेलतंय, म्हणून एलएसडी दुसऱ्याला ३०० पर्यंत देतो. त्यातले १०० त्याच्या स्वतःच्या ब्रेकने खाल्ले, उरलेले २०० गाडी ओढतात. हीच युक्ती साध्या डिफरन्शियलवर केलीत तर दुसऱ्या चाकाला १०० मिळतात आणि १०० ब्रेक खातो, म्हणजे हातात काहीच नाही. 'हँडब्रेकची युक्ती चालत नाही' म्हणणारे बहुतेक जण साध्या डिफरन्शियलवरच ती करून बघतात.

आता थारचं. थारमध्ये येणारा ईटनचा मेकॅनिकल लॉकर आणि तुम्ही म्हणता तो डेट्रॉइट जातीचा लॉकर, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ईटनचा एरवी मोकळाच असतो. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की तो लॉक होतो, आणि ताशी तीसेक किलोमीटरच्या वर लॉक होतच नाही. जनरल मोटर्सच्या अमेरिकन पिकअपमध्ये १९७३ पासून हेच तत्त्व चालत आलंय. डेट्रॉइटचं बरोबर उलटं आहे. तो मुळात लॉक असतो आणि वळणावर बाहेरचं चाक पुढे धावायला लागलं की तेवढ्यापुरतं त्याला सोडतो. म्हणजे वळणावर ॲक्सिलरेटर दिलात तर सगळा जोर एकट्या आतल्या चाकावर. पाय काढलात की खाडकन आवाज होऊन वजन इकडचं तिकडे.

आता हे अणुस्कुऱ्यात आणून बघा. जुलै महिना, रस्त्यावर पाण्याचा पाट, कोल्हापूरला माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप. मागे पाट्यांची स्प्रिंग आणि हौद्यात काही नाही, त्यामुळे मागची चाकं आधीच हलकी. वळणात आतलं चाक घसरून फिरायला लागलं की डेट्रॉइट जातीचा लॉकर दोन्ही चाकं एकदम जोडतो आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. कुशल ड्रायव्हर सावरेलही. पण तुमची गाडी बागेतला गडीही चालवतो, असं तुम्हीच लिहिलंय. दादा, ही काळजी मी मनापासून सांगतोय. रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढता येते, दरीत गेलेली नाही.

मग स्विचवाला, म्हणजे ड्रायव्हरने हवा तेव्हाच लावायचा लॉकर? हो, तुमच्या बागेत चाक खरोखर लटकत असेल तर मागच्या ॲक्सलला तोच, हवेवर चालणारा किंवा विजेवर चालणारा. टोयोटाच्या हायलक्स पिकअपमध्ये मागे असा लॉकर कंपनीतूनच येतो, फोर्सच्या गुरखा गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे. फक्त तो केव्हा लावू नये हे पक्कं ठाऊक हवं. जांभ्याची वाट दरीकडे कललेली असेल तर लॉक केलेली दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची शेपटी उताराकडे सरकते. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक फिरतं, दुसरं निदान गाडीला आडवं धरून ठेवतं. शिवाय एरवी एका ॲक्सल शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) अर्ध्याहून जास्त जोर येत नाही. लॉक केल्यावर सगळा जोर एकट्यावर येऊ शकतो. मोठे टायर टाकून लॉकर लावणाऱ्यांचे शाफ्ट तुटतात ते यामुळे.

एलएसडीचा दुसरा प्रकार क्लच-प्लेटवाला, त्याची मी शिफारस केलेलीच नाही. त्याला खास मिश्रणाचं तेल लागतं, आणि प्लेटी झिजल्या की तो साध्यासारखाच वागतो.

बसवणाऱ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण पैसे खरे वाया जातात ते इथे. क्राउनच्या (डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरच्या) दातांना रंग लावून, चाक फिरवून, पिनियनचा (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा) ठसा दातावर नेमका कुठे उमटतो ते मिस्त्रीने बघायला हवं. ठसा टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला असेल तर शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलून पुन्हा बघायचं. दातांमधली मोकळीक डायल गेजवर मोजायची, हाताने हलवून नाही. हे न करता 'बसतंय की' म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. हवेचा लॉकर घेतलात तर आतलं सील गळायला लागल्यावर हवा ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये शिरते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या भोकातून) तेल बाहेर येतं, त्यावर लक्ष ठेवा.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर आधी मागचे टायर बदला, तुम्ही स्वतःच ते गुळगुळीत झालेत म्हटलंय. बागेत शिरताना खताच्या चार गोण्या बरोबर ॲक्सलच्या वर ठेवा. तरी गाडी अडली तर खाली उतरून फिरणारं चाक बघा. ते चिखलात टेकलेलं असेल तर गिअरवाला एलएसडी घ्या. खाली बोटभर तरी हवा दिसत असेल तर स्विचवाला लॉकर. ऑर्डर देण्याआधी ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) मोजून घ्या आणि तो आकडा इथेच खाली लिहा, कोणता नग बसेल ते आपण मिळून बघू.