सर्व्हिस पडली की ‘रिट्राय वाढवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) पडलं? या पाच गोष्टी करा’ अशा अर्थाचा एक मेसेज आयटीतल्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या टीममध्ये नुकतीच ऑन-कॉल (बिघाड झाला की धावून जायची पाळी) घेऊ लागलेल्या मुलीने तो जसाच्या तसा रनबुकमध्ये, म्हणजे बिघाडात काय करायचं त्याच्या वहीत, टाकला, तेव्हा गप्प बसवेना. दावे असे: आधी रिस्टार्ट करा, एरर अचानक वाढले म्हणजे लोड किंवा हल्ला, सर्व्हर वाढवा, रिट्राय (फसलेली विनंती पुन्हा पाठवणं) आणि टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मर्यादा) वाढवा, डिप्लॉय झालं नसेल, म्हणजे नवा कोड चढवला नसेल, तर दोष आपला नाही.

सगळ्यात घातक आहे तो चौथा, म्हणून आधी तोच घेतो.

समजा सिस्टिमचे थर असे आहेत: वर गेटवे (बाहेरच्या विनंत्या आत घेणारं दार), त्याखाली ऑर्डर सर्व्हिस, त्याखाली पेमेंट सर्व्हिस, तळाला डेटाबेस. वरच्या तिन्ही थरांवर तीन-तीन रिट्राय लावले की प्रत्येक थर जास्तीत जास्त चार प्रयत्न करतो. चार गुणिले चार गुणिले चार: ग्राहकाने एकदा बटण दाबलं आणि आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर ६४ पर्यंत क्वेरी (माहितीच्या मागण्या). मूळ बिघाड दोन मिनिटांत मिटला तरी हा लोंढा डेटाबेसला उठू देत नाही. त्यात पेमेंटच्या विनंतीला आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखणारी खूण) नसेल तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. टाइमआउटचंही तेच. समजा ५० थ्रेडचा पूल (एका वेळी ५० विनंत्या हाताळणारा), एका विनंतीला १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५०० विनंत्या निघतात. खालची सर्व्हिस अडकली आणि टाइमआउट ३० सेकंद ठेवला, तर तोच पूल सेकंदाला दोनसुद्धा काढत नाही.

हे ओळखायचं कसं? गेटवेवरच्या विनंत्या आणि डेटाबेसवरच्या क्वेरी यांचे आलेख एकाखाली एक लावा. वरचा सपाट आणि खालचा उभा चढला असेल, तर पहिला संशय रिट्रायवर घ्या. रिट्राय एकाच थरावर ठेवा, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या, त्यात थोडा रँडम फरक टाका, आणि एकूण रिट्राय मूळ विनंत्यांच्या दहा टक्क्यांवर गेले की थांबवा.

‘लोड किंवा हल्ला’. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर (असंख्य वेबसाइटची रहदारी हाताळणारी कंपनी) पडलं, तेव्हा त्यांच्या इंजिनियरांनाही सुरुवातीला मोठ्या डीडॉस हल्ल्याचाच, म्हणजे असंख्य यंत्रांकडून होणाऱ्या विनंत्यांच्या माऱ्याचाच, संशय आला होता. त्यांनी त्याच दिवशी प्रसिद्ध केलेला अहवाल वाचा. डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे एका क्वेरीतून दुबार ओळी येऊ लागल्या, बॉट (माणसाऐवजी प्रोग्रॅमने केलेली भेट) ओळखणाऱ्या मॉड्यूलची फाइल दुप्पट झाली, २०० फीचरची (ओळखण्याच्या निकषांची) मर्यादा ओलांडली आणि रहदारी पुढे पाठवणारी प्रॉक्सी कोसळू लागली. फाइल दर पाच मिनिटांनी बनायची. परवानग्यांचा बदल डेटाबेसच्या क्लस्टरच्या (सर्व्हरसमूहाच्या) काही भागातच पोचला होता, म्हणून कधी चांगली फाइल निघे, कधी वाईट. एरर वर-खाली होत होते ते यामुळे.

पाचव्या दाव्याचं उत्तरही यातच आलं. कोड डिप्लॉय झाला नाही म्हणजे काही बदललं नाही, असं नसतं. एरर सुरू झाल्याचा नेमका मिनिट काढा आणि त्याआधीच्या तासाभरात फीचर फ्लॅग (सुविधा चालू-बंद करायची बटणं), कॉन्फिग (सेटिंग), परवानग्या, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सर्टिफिकेटची मुदत, यांतलं काय हललं ते बघा. डिस्कवर जागा दिसत असली तरी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपलेले असू शकतात, तेही तपासा.

‘सर्व्हर वाढवा’. समजा चार पॉड (सर्व्हिसच्या चालू प्रती), प्रत्येकी डेटाबेसच्या २० कनेक्शनचा पूल, म्हणजे ८०. आणखी दोन पॉड टाकले की १२०, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० ची. आता नवे पॉडही पडू शकतात आणि जुनेही. अडलंय कुठे हे कळल्याशिवाय पॉड वाढवू नका.

रिस्टार्टचं मात्र थोडं मान्य करावं लागेल. मेमरी लीक (वापरलेली मेमरी न सोडणं) असेल किंवा कनेक्शन लटकली असतील तर रिस्टार्टने ग्राहकाची सोय लगेच होते, आणि ती आधी व्हायलाच हवी. पण सगळेच पॉड उडवलेत तर पुरावाही गेला. एक पॉड लोड बॅलन्सरमधून (विनंत्या पॉडमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढून तसाच चालू ठेवा. त्याचे दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (कोणता थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे त्याची नोंद) घ्या, मग एक हीप डंप (मेमरीची नोंद), आणि बाकीचे खुशाल रिस्टार्ट करा. तिन्ही डंपांत तेच थ्रेड त्याच ओळीवर थांबलेले दिसले, तर तपास त्या ओळीपासून सुरू करा.