‘छातीची सोनोग्राफी म्हणजे लूट’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा आहे: फुफ्फुसात हवा असते, हवेतून सोनोग्राफी होत नाही, म्हणजे छातीची सोनोग्राफी लिहून देणारा डॉक्टर लुटतोय, एक्स-रे पुरतो, फारच वाटलं तर सरळ सीटी करा, आणि छातीतलं (फुफ्फुसाभोवती साचलेलं) पाणी सुईने काढू देऊ नका, एकदा काढलं की भरतच राहतं. मी छातीच्या वॉर्डात काम करते. गेल्या महिन्यात एक काका हा मेसेज वाचून तीन आठवडे ताप आणि दम अंगावर काढत घरी बसले, आणि आमच्याकडे आले तोवर पाण्यात जाळ्या (पाण्याचे कप्पे करणारे पातळ पडदे) झाल्या होत्या, साध्या सुईने काही निघेना. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. सोनोग्राफीच्या लहरी हवेवर आदळल्या की जवळजवळ सगळ्या परत फिरतात, त्यामुळे निरोगी फुफ्फुस आतून दिसत नाही हे बरोबर. पण पेशंट आमच्याकडे येतो तो फुफ्फुस बिघडलं म्हणून ना! हवेच्या जागी पाणी, पू किंवा न्यूमोनियाचा घट्टपणा आला की तिथून लहरी आरामात जातात आणि आतलं दिसायला लागतं. आणि निरोगी भागातही काही कळत नाही असं नाही. फुफ्फुसाच्या आवरणाची एक चकचकीत रेघ दिसते, श्वासाबरोबर ती सरकते, तिच्याखाली तिचीच आडवी प्रतिबिंबं ठरावीक अंतरावर दिसतात, त्यांना ए-लाइन म्हणतात. हार्ट फेल होऊन फुफ्फुसात पाणी मुरलं की त्याच रेघेपासून स्क्रीनच्या तळापर्यंत उभे झोत उतरतात, त्या बी-लाइन, बरगड्यांच्या एकाच फटीत तीन किंवा जास्त दिसल्या की आम्ही सावध होतो. छातीत हवा सुटून फुफ्फुस मिटलं असेल तर रेघेचं सरकणं थांबतं. फ्रान्समधले आयसीयूचे डॉक्टर डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी यातूनच एक पद्धत बसवली आणि २००८ मध्ये छापली, दम लागून आलेल्या २६० पेशंटमध्ये तिने ९०.५ टक्के वेळा बरोबर निदान दिलं होतं. जी हवा अडचण म्हणून सांगितली जाते तिच्याच खुणा वाचून हे सगळं चालतं.

‘एक्स-रे पुरतो.’ बऱ्याचदा पुरतो, आणि पहिला तोच काढतात, काढायलाच हवा. पण उभं राहून काढलेल्या एक्स-रेतसुद्धा पाणी ठळक दिसायला साधारण २०० मिली साचावं लागतं, सोनोग्राफीत २० मिलीही दिसतं. आयसीयूत झोपलेल्या पेशंटचं तर विचारूच नका, पाणी पाठीमागे पसरतं आणि एक्स-रेत नुसती ती बाजू धुरकट दिसते. आणि एक बाजू पूर्ण पांढरी दिसली तर ते पाणी, की घट्ट झालेलं फुफ्फुस, की मिटलेलं फुफ्फुस? हे न बघता सुई टोचायची? फुफ्फुस मिटलेलं असलं की छाती आणि पोटाच्या मधला पडदा वर चढलेला असतो, आणि जिथे पाणी असेल असं वाटतं तिथे उजवीकडे लिव्हर आणि डावीकडे प्लीहा येऊन बसलेली असते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २०१० मध्येच लिहून ठेवलंय की छातीतल्या पाण्यासाठी सुई किंवा नळी घालायची तर सोनोग्राफीने बघूनच घाला.

‘मग सरळ सीटी करा.’ सीटीचं रेडिएशन साध्या एक्स-रेच्या पन्नासपट तरी असतं, सोनोग्राफीत रेडिएशन नाहीच, म्हणून गरोदर बाईला आणि आईच्या मांडीवरच्या लेकराला न्यूमोनियासाठी ती पुन्हा पुन्हा करता येते. शिवाय पाण्यातल्या जाळ्या सीटीपेक्षा सोनोग्राफीत स्पष्ट दिसतात, आणि जाळ्या आहेत की नाहीत यावर सुई, नळी की ऑपरेशन हे बरंचसं ठरतं.

पण सोनोग्राफीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मीही त्या मेसेजसारखंच अर्धं सांगतेय असं होईल. फुफ्फुसाच्या मधोमध असलेली गाठ किंवा टीबीची पोकळी, जिच्या आणि छातीच्या भिंतीच्या मध्ये हवा आहे, ती सोनोग्राफीत दिसणार नाही. तिथे सीटीच लागतो, आणि टीबीसाठी थुंकीची तपासणी टाळता येत नाही. दम्याच्या पेशंटची सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते, म्हणून त्याचा दम खोटा ठरत नाही. आणि प्रोब (मशीनचा छातीवर टेकवायचा भाग) कोणाच्या हातात आहे याने फार फरक पडतो.

आता सुईचं, ज्याने सगळ्यात जास्त नुकसान होतंय. सुई लावली म्हणून पाणी भरत नाही, आजार आत तसाच आहे म्हणून भरतं. आपल्याकडे तरुण माणसाच्या एका बाजूला पाणी झालं की पहिला संशय टीबीचा, आणि तो धरायला ते पाणी एडीए (टीबीच्या पाण्यात वाढणारं एक एन्झाइम) तपासणीला पाठवावं लागतं. दम कमी करायलाही काढतात, पण एका वेळी साधारण दीड लिटरच्या आत, कारण घाईने जास्त काढलं तर दबलेलं फुफ्फुस एकदम फुलून त्यालाच सूज येते. म्हणजे पाणी काढायला दोनदा बोलावलं तर त्यात बिल वाढवायचा डाव नसतो. टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण सहा महिन्यांची.

अजून एक गोष्ट, मेसेजमध्ये नाही पण वॉर्डात रोज ऐकते: ‘मला कशाला सोनोग्राफी, ती बायकांची असते.’ सोनोग्राफी सेंटरवर लिंगनिदानाच्या गुन्ह्याचा बोर्ड असतो, १९९४ च्या कायद्यामुळे मशीनची नोंदणी लागते, नोंदलेल्या जागेबाहेर ते नेण्यावर कडक बंधनं आहेत, त्यातून लोकांचा हा समज झालाय. कायदा हवाच, पण पुरुषाने छातीची सोनोग्राफी करून घेण्यात त्याची काहीही आडकाठी नाही.

काकांना शेवटी नळी घातली, टीबीच निघाला, औषधं चालू आहेत. परवा प्रोब ठेवून बघितलं तर अगदी खालच्या कोपऱ्यात थोडं पाणी उरलं होतं, आणि त्याच्या वर ती रेघ श्वासाबरोबर सरकत होती.